यादीत नाव 'आहे की नाही' हे कम्प्युटर कसं ठरवतो? 'लाडकी बहीण' आणि कापूस-सोयाबीन अर्थसहाय्याच्या उदाहरणातून समजून घ्या

वर्धा जिल्ह्यातल्या कुठल्याही ऑनलाइन केंद्रावर अर्धा तास बसा. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा कानावर पडतो : "दादा, पाहा ना जरा, माह्यं नाव आलं का?"

विचारणाऱ्या काकूंना यादीत एकूण किती नावं आहेत याच्याशी देणंघेणं नसतं. त्यांना हवं असतं एकच उत्तर. आहे की नाही?

गंमत म्हणजे सरकारी योजनांच्या पडताळणीत कम्प्युटरलाही बहुतेक वेळा हाच प्रश्न विचारला जातो. या अर्जदाराच्या घरी चारचाकी आहे का? या शेतकऱ्याची पीक पाहणीत नोंद आहे का? उत्तर 'होय' किंवा 'नाही' असं एका शब्दात येतं आणि त्या शब्दावर कुणाचे तरी पैसे जमा होतात किंवा थांबतात.

हा प्रश्न कम्प्युटरला नेमका कसा विचारतात? तो चुकीचा विचारला तर काय होतं? आणि कम्प्युटर 'नाही' म्हणतो तेव्हा त्याचा अर्थ खरंच 'नाही' असतो का? सोप्या भाषेत पाहूया.

दोन योजना, दोन उलटे प्रश्न

आधी दोन खरी उदाहरणं.

पहिलं उदाहरण 'मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण' योजनेचं. २८ जून २०२४ च्या शासन निर्णयाने ही योजना आली. २१ ते ६५ वर्षं वयाच्या पात्र महिलांना महिन्याला १५०० रुपये मिळतात. पण काही अटी आहेत. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न अडीच लाखांपेक्षा जास्त नको. कुटुंबात कुणी आयकर भरणारं नको. कुटुंबातल्या कुणाच्या नावावर चारचाकी नको, मात्र ट्रॅक्टर चालतो.

जुलै २०२५ मध्ये महिला व बालविकास मंत्री अदिती तटकरे यांनी जाहीर केलं, की पडताळणीत सुमारे २६ लाख ३४ हजार लाभार्थी अपात्र असूनही लाभ घेत असल्याचं आढळलं. जून २०२५ पासून त्यांचा लाभ तात्पुरता थांबवण्यात आला. जिल्हाधिकाऱ्यांमार्फत शहानिशा करून जे पात्र ठरतील त्यांचा लाभ पुन्हा सुरू होईल, असंही सांगण्यात आलं. यातला 'तात्पुरता' हा शब्द लक्षात ठेवा, त्याकडे पुन्हा येऊ.

दुसरं उदाहरण कापूस आणि सोयाबीनचं, म्हणजे वर्ध्याच्या अगदी जिव्हाळ्याचं. २०२३ च्या खरीप हंगामातल्या कापूस व सोयाबीन उत्पादकांना राज्य सरकारने हेक्टरी ५००० रुपये, कमाल २ हेक्टरपर्यंत, अर्थसहाय्य दिलं. त्यासाठी सुरुवातीला ई-पीक पाहणीत नोंद असण्याची अट होती. ई-पीक पाहणी म्हणजे शेतकऱ्याने स्वतः मोबाइल अॅपवरून आपल्या शेतातल्या पिकाची नोंद करणं. राज्यभर ती १५ ऑगस्ट २०२१ पासून सुरू झाली.

आता फरक पाहा. लाडकी बहीण योजनेत चारचाकीची नोंद सापडली तर पैसे थांबतात. कापूस अर्थसहाय्यात पिकाची नोंद सापडली नाही तर पैसे थांबतात. दोन्हीकडे प्रश्न 'आहे की नाही' हाच आहे, पण एकीकडे 'आहे' नडतं आणि दुसरीकडे 'नाही' नडतं.

डेटाबेसला प्रश्न विचारायची भाषा

माहिती साठवण्यासाठी कम्प्युटरमध्ये तक्ते असतात. अनेक तक्ते मिळून होतो डेटाबेस. १९७० मध्ये आयबीएमचे संशोधक एडगर कॉड यांनी अशी तक्त्यांची रचना मांडली. १९७४ मध्ये त्याच कंपनीतल्या डोनाल्ड चेंबरलिन आणि रेमंड बॉइस यांनी या तक्त्यांना प्रश्न विचारण्याची भाषा तयार केली. तीच आज एसक्यूएल म्हणून ओळखली जाते. त्या भाषेत लिहिलेल्या प्रश्नाला क्वेरी म्हणतात.

समजण्यासाठी आपण दोन छोटे तक्ते तयार करू. हे आपले नमुने आहेत, सरकारी तक्ते नव्हेत.

पहिला तक्ता, अर्ज :
- अर्ज १०१, रेशनकार्ड क
- अर्ज १०२, रेशनकार्ड ख
- अर्ज १०३, रेशनकार्ड ग
- अर्ज १०४, रेशनकार्डाचा रकाना रिकामा

दुसरा तक्ता, वाहने :
- रेशनकार्ड क, मोटार
- रेशनकार्ड क, जीप
- रेशनकार्ड ख, ट्रॅक्टर
- रेशनकार्ड घ, मोटार

प्रश्न असा : प्रत्येक अर्जासमोर लिहा, घरात ट्रॅक्टर सोडून दुसरी चारचाकी आहे का?

पहिला मार्ग : दोन्ही तक्ते जोडा

नवीन माणूस बहुधा हे करतो. दोन्ही तक्ते रेशनकार्डावरून जोडतो आणि जुळलेल्या ओळी बघतो. याला जॉइन म्हणतात.

अडचण कुठे येते? अर्ज १०१ च्या घरी दोन वाहनं आहेत, त्यामुळे हा अर्ज निकालात दोनदा येतो. वाहन नसलेले अर्जही दिसावेत म्हणून लेफ्ट जॉइन वापरला, तर ४ अर्जांच्या ५ ओळी होतात. खालून बेरीज केली की अपात्र २ असं दिसतं. प्रत्यक्षात महिला एकच.

४ अर्जांत ही चूक डोळ्यांना लगेच दिसते. वर्धा जिल्ह्याची लोकसंख्या २०११ च्या जनगणनेत १३ लाखांवर होती. अशा आकाराच्या यादीत ती दिसणं कठीण आहे आणि राज्याच्या यादीत तर विचारायलाच नको.

कुणी म्हणेल, डिस्टिंक्ट लावून दुबार ओळी काढून टाकू. आकडा दुरुस्त होईल. पण मुळात वाहनांचे तपशील आपल्याला नकोच होते. आधी नको ती माहिती गोळा करायची आणि मग ती फेकून द्यायची, असा हा उद्योग.

दुसरा मार्ग : मोजून बघा

प्रत्येक अर्जासाठी जुळणारी वाहनं मोजायची. संख्या शून्यापेक्षा जास्त आली तर 'होय'. यासाठी काउंट वापरतात. उत्तर बरोबर येतं, पण काम जास्त होतं.

समजा गोदामात कापसाचा ढीग आहे आणि तुम्हाला विचारलं, यात ओला कापूस आहे का? तुम्ही हात घालाल, पहिली ओली मूठ हाताला लागली की म्हणाल, 'हो, आहे.' सगळा ढीग उपसून ओला कापूस किती किलो आहे हे मोजत बसणार नाही. काउंट मात्र मोजत बसायला सांगतं.

तिसरा मार्ग : 'एक तरी आहे का?' एवढंच विचारा

एसक्यूएलमध्ये यासाठी वेगळा शब्द आहे, एक्झिस्ट्स. त्याचा अर्थ, 'अशी एक तरी ओळ अस्तित्वात आहे का?' क्वेरी साधारण अशी दिसते. कम्प्युटरवर हे शब्द रोमन लिपीत टाइप करतात, इथे त्यांचे उच्चार दिले आहेत.

सिलेक्ट अर्ज.क्रमांक,
केस व्हेन एक्झिस्ट्स
( सिलेक्ट १ फ्रॉम वाहने
व्हेअर वाहने.रेशनकार्ड = अर्ज.रेशनकार्ड
अँड वाहने.प्रकार <> 'ट्रॅक्टर' )
देन 'होय' एल्स 'नाही' एंड
फ्रॉम अर्ज

मराठीत वाचायचं तर : प्रत्येक अर्ज घ्या. वाहनांच्या तक्त्यात त्याच रेशनकार्डाची, ट्रॅक्टर नसलेली एक तरी ओळ आहे का पाहा. असेल तर 'होय' लिहा, नसेल तर 'नाही'.

कंसातल्या 'सिलेक्ट १' ने गोंधळू नका. एक्झिस्ट्सला आतल्या ओळीत काय लिहिलंय याच्याशी काहीच मतलब नसतो. ओळ सापडली की नाही एवढंच ते बघतं. म्हणून तिथे नुसता १ लिहायची पद्धत आहे.

आणखी एक. पोस्टग्रेससारख्या डेटाबेसमध्ये एक्झिस्ट्सचं होय-नाही उत्तर थेट निकालाच्या रकान्यात मागता येतं. मायएसक्यूएल त्याच जागी १ किंवा ० देतो. मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हरमध्ये ते थेट चालत नाही, तिथे वरच्यासारखं केस-व्हेन लावावं लागतं. केस-व्हेनची पद्धत तिन्हीकडे चालते.

निकाल काय येतो? १०१ ला 'होय', तेही एकदाच. १०२ ला 'नाही', कारण घरी फक्त ट्रॅक्टर आहे. १०३ ला 'नाही'. आणि १०४ लाही 'नाही'.

अर्ज ४, ओळी ४. कुणी दुबार नाही, कुणी गायब नाही. शिवाय पहिली ओळ सापडताच शोध थांबवायची मोकळीक कम्प्युटरला मिळते. मात्र 'नाही' म्हणायचं असेल तर त्याला जुळू शकणाऱ्या सगळ्या जागा पाहाव्याच लागतात. तिथे इंडेक्स कामाला येतो. पुस्तकाच्या मागच्या सूचीवरून आपण थेट पान गाठतो, तसा इंडेक्स कम्प्युटरला थेट त्या रेशनकार्डापाशी नेतो. तो नसेल तर मोठ्या तक्त्यावर ही क्वेरी रेंगाळू शकते.

रिकाम्या रकान्याचा सापळा

आता प्रश्न उलटा करू. ज्यांच्या घरी वाहन नाही अशा अर्जांची यादी हवी आहे. बरेच जण इथे 'नॉट इन' लिहितात. म्हणजे, 'ज्यांचं रेशनकार्ड वाहनांच्या यादीत नाही ते द्या.' वाचायला एकदम बरोबर वाटतं.

समजा वाहनांच्या तक्त्यात पाचवी ओळ आली : रेशनकार्ड रिकामं, मोटार. बस्स, एवढ्या एका रिकाम्या रकान्यामुळे निकाल शून्य येतो. एकही अर्ज यादीत उरत नाही.

असं का होतं? एसक्यूएलमध्ये रिकाम्या रकान्याला नल म्हणतात. नल म्हणजे शून्य नव्हे. नल म्हणजे 'माहीत नाही'. अर्ज १०३ चं कार्ड 'ग' आहे. ते 'क' नाही, बरोबर. 'ख' नाही, 'घ' नाही, तेही बरोबर. पण ते त्या रिकाम्या कार्डापेक्षा वेगळं आहे का? कम्प्युटर म्हणतो, माहीत नाही. असेलही तेच. मग 'ग यादीत नाही' हे खात्रीने सांगता येत नाही आणि खात्री नसलेली ओळ निकालात येत नाही. प्रत्येक अर्जाचं हेच होतं.

कुठलाही एरर दिसत नाही. क्वेरी व्यवस्थित चालते आणि रिकामी यादी हातात देते.

'नॉट एक्झिस्ट्स' वापरलं तर हा सापळा टळतो. तिथे रिकामी ओळ कुणाशीच जुळत नाही, म्हणून ती बाकीच्यांच्या आड येत नाही.

मग १०४ चं काय?

इथे थोडं थांबा. अर्ज १०४ चा रेशनकार्डाचा रकाना रिकामा होता. एक्झिस्ट्सने तिथे 'नाही' लिहिलं. पण त्या घरी वाहन नाही, हे आपल्याला कुठे माहीत आहे? आपण तपासूच शकलो नाही, एवढंच खरं आहे.

चांगली क्वेरी इथे तिसरं उत्तर ठेवते. केस-व्हेनमध्ये सर्वात आधी विचारायचं, 'अर्जातलं रेशनकार्ड रिकामं आहे का?' असेल तर लिहायचं 'तपासता आलं नाही'. त्यानंतर एक्झिस्ट्स. हे करायला एकच ओळ जास्त लागते. पण ती नसेल तर 'माहीत नाही' गुपचूप 'नाही'च्या रांगेत जाऊन बसतं.

जोडणी चुकली तर?

आपण धरून चाललो की वाहनांच्या नोंदीत रेशनकार्ड क्रमांक आहेच. प्रत्यक्षात वाहन एका व्यक्तीच्या नावावर असतं. ती व्यक्ती अर्जदार महिलेच्या कुटुंबातली आहे का, हे जोडणं हेच खरं अवघड काम.

लाडकी बहीण योजनेत कुटुंब म्हणजे पती, पत्नी आणि त्यांची अविवाहित मुलं-मुली. आता कल्पना करा. सेलू तालुक्यात एक सून नवऱ्यासह वेगळी राहते, चूल वेगळी, पण रेशनकार्ड अजून सासऱ्यांसोबत एकच. गाडी सासऱ्यांच्या नावावर. रेशनकार्डावरून जोडलं तर एक्झिस्ट्स 'होय' म्हणणार. योजनेच्या व्याख्येने उत्तर 'नाही' आहे. क्वेरीत व्याकरणाची एकही चूक नाही, चूक 'कुटुंब' कशाला म्हणायचं यात आहे.

तसंच विकलेल्या गाडीचं. गाडी विकून वर्ष झालं, पण नाव बदललं नाही, तर नोंद जुन्या मालकाच्याच नावावर राहते. एमएच-३२ ची ती गाडी आज कुणाच्या अंगणात उभी आहे, हे तक्त्याला कळत नाही.

म्हणूनच तो 'तात्पुरता' शब्द महत्त्वाचा. तक्त्याने 'होय' म्हटल्यावर माणसाने जाऊन बघण्याची पायरी ठेवावीच लागते.

कापसाच्या उदाहरणात काय झालं?

२०२३ च्या खरिपात अनेक शेतकऱ्यांनी कापूस, सोयाबीन पेरलं होतं, पण अॅपवर नोंद केली नव्हती किंवा झाली नव्हती. शेतात पीक होतं, तक्त्यात नव्हतं. ई-पीक पाहणीला विचारलं, 'नोंद आहे का?' तर उत्तर 'नाही'.

पुढे सप्टेंबर २०२४ मध्ये सरकारने ही अट शिथिल केली. ई-पीक पाहणीत नाव नसलं तरी सातबाऱ्यावर कापूस किंवा सोयाबीनची नोंद असेल तर ती ग्राह्य धरायचं ठरलं.

क्वेरीच्या भाषेत हा बदल अगदी छोटा आहे. आधी होतं : एक्झिस्ट्स (ई-पीक पाहणीतली नोंद). नंतर झालं : एक्झिस्ट्स (ई-पीक पाहणीतली नोंद) ऑर एक्झिस्ट्स (सातबाऱ्यावरची नोंद). दोन्हीपैकी कुठेही एक नोंद सापडली तरी पुरे. मध्ये एक 'ऑर' आला आणि आधी 'नाही' ठरलेले शेतकरी 'होय'मध्ये येऊ शकले. शेतात काहीच बदललं नव्हतं.

'आहे-नाही' कुठे पुरत नाही?

प्रत्येक प्रश्नाला एक्झिस्ट्स हे उत्तर नाही. लाडकी बहीण योजनेतल्या ज्या महिलांना पीएम किसान आणि नमो शेतकरी योजनेचे पैसे मिळतात, त्यांना पूर्ण १५०० मिळत नाहीत. त्या दोन योजनांचे मिळून वर्षाला १२ हजार, म्हणजे महिन्याला १००० होतात. म्हणून लाडकी बहीणमधून फरकाचे ५०० दिले जातात.

इथे 'दुसरी योजना आहे का?' एवढं विचारून भागत नाही. किती रुपये मिळतात, हेही लागतं. अशा वेळी बेरीज किंवा जॉइनच वापरावा लागतो. नियम सोपा आहे : 'आहे का' विचारायचं असेल तर एक्झिस्ट्स, 'किती' विचारायचं असेल तर काउंट किंवा बेरीज, आणि 'कोणतं' विचारायचं असेल तर जॉइन.

तुमचं नाव 'नाही' आलं तर काय विचाराल?

'आहे' म्हणायला एक नोंद पुरते. 'नाही' म्हणायला मात्र यादी पूर्ण हवी, जोडणी बरोबर हवी आणि रकाने भरलेले हवेत. यातलं एक जरी कमी असलं तरी कम्प्युटर तितक्याच आत्मविश्वासाने 'नाही' म्हणतो.

म्हणून केंद्रावर 'नाव नाही' असं सांगितलं, किंवा तुमच्या नावापुढे नको तो 'होय' लागला, तर हे तीन प्रश्न विचारा :

१. कोणत्या यादीत पाहिलं? ई-पीक पाहणी, सातबारा, वाहन नोंदणी, रेशनकार्ड यांपैकी नेमकं काय?

२. कशावरून जुळवलं? आधार, रेशनकार्ड, गट क्रमांक की नुसतं नाव? तो क्रमांक अर्जात बरोबर भरला आहे का?

३. यादी कोणत्या तारखेची आहे? त्यानंतर तुम्ही नाव बदललं असेल, गाडी विकली असेल, कार्ड वेगळं केलं असेल तर त्याचा कागद सोबत ठेवा.

या तीन प्रश्नांची उत्तरं मिळाली, की नेमका कुठला रकाना दुरुस्त करायचा ते कळतं. नाहीतर "नाही दाखवत आहे जी, पुढच्या आठवड्यात या" एवढंच ऐकून परत यावं लागतं, आणि पुढच्या आठवड्यात कम्प्युटर त्याच तक्त्यातून तेच उत्तर देतो.